चार हुतात्मे, कोटणीस आणि इराण: जुना हस्तक्षेप आजचं वैर केव्हा बनतो

सोलापुरातल्या एका अभ्यासिकेतून आलेला प्रश्न थोडक्यात असा: ‘अमेरिका आणि इराण यांच्यातलं वैर १९५३ पासूनचं आहे असं सगळीकडे वाचतो. सत्तर वर्षांपूर्वीची गोष्ट आजही दोन देशांना भांडायला लावते, की ते नुसतं निमित्त असतं? निबंधात हे मांडायचं कसं आणि तपासायचं कसं?’

१९५३ म्हणजे अमेरिका आणि ब्रिटननं इराणचे पंतप्रधान मोसद्देक यांचं सरकार पाडायला लावलं ते वर्ष. पण उत्तराची सुरुवात तेहरानपासून न करता सोलापूरपासूनच करू, कारण या प्रश्नाची दोन उत्तम उदाहरणं गावातच उभी आहेत.

पहिलं उदाहरण चार हुतात्मा चौकातलं. मे १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा लागला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी दिली गेली. पुतळे आहेत, दर जानेवारीला हार पडतात, शाळेत पोरं भाषणं करतात. म्हणजे स्मृती जिवंत आहे. तरी त्या चौकातून रोज जाणाऱ्या माणसाच्या मनात आजच्या ब्रिटनबद्दल वैर नाही. मुलगी शिकायला लंडनला गेली तर घरात पेढे वाटतात.

दुसरं उदाहरण कोटणीस स्मारकाचं. डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे. जन्म १९१०. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचं पथक जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चीनमध्ये गेलं, त्यात ते होते. ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथंच वारले. चिनी नेते भारतात आले की कोटणीसांच्या कुटुंबीयांना भेटण्याची प्रथा कित्येक वर्षं चालली. इतकी चांगली आठवण असूनही १९६२ व्हायचं ते झालंच.

वाईट आठवण आहे, पण वैर नाही. चांगली आठवण आहे, पण युद्ध टळलं नाही. तेव्हा ‘लोक विसरत नाहीत म्हणून राष्ट्रं भांडतात’ हे वाक्य निबंधातून आधी खोडा. नुसती आठवण वैर चालवत नाही. हस्तक्षेप करणारा निघून जाताना काहीतरी वस्तू मागे ठेवून जातो: नकाशावरची रेघ, गादीवर बसवलेला माणूस, तेलाचा करार, लष्करी तळ, बँकेतलं खातं, नाही तर घटनेतलं एखादं कलम. ती वस्तू आजही कुणाच्या तरी ताटातलं काढून कुणाच्या तरी ताटात वाढत असेल, तर जुनी आठवण कामाला लागते. वस्तू संपली की आठवण चौकातल्या पुतळ्यापुरती उरते. भारत-ब्रिटन संबंधांत आजही जे अधूनमधून खुपतं ते बघा, कोहिनूर. तीही वस्तूच.

बांधाचा वाद ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना पुढचं समजायला सोपं जाईल. मोजणी आली की दोन्ही भाऊबंद कागद घेऊन उभे राहतात. एक १९५२ चा फेरफार दाखवतो, दुसरा १९७१ चा. दोन्ही कागद खरे असतात. भांडण असतं ते मोजायला कुठून सुरुवात करायची याचं. राष्ट्रांचंही तेच, म्हणून तपासाची पहिली पायरी म्हणजे कागदाच्या मधोमध रेघ मारून दोन रकाने करायचे. डावीकडे एका देशाच्या शाळेतल्या पुस्तकात गोष्ट जिथं सुरू होते ती तारीख, उजवीकडे दुसऱ्या देशाच्या पुस्तकातली. आधी फक्त तारखा, मत एकही नाही.

इराणचा कागद असा भरतो. इराणच्या रकान्यात पहिली नोंद १९५३ ची नसते. १९०१ ची असते: विल्यम नॉक्स डार्सी या उद्योजकाला ६० वर्षांची तेल सवलत दिली गेली, इराणच्या वाट्याला निव्वळ नफ्याचे १६ टक्के. मग १९०७, जेव्हा ब्रिटन आणि रशियानं आपापसात करार करून इराणचे प्रभावक्षेत्रांत तुकडे पाडले. १९०८ मध्ये मस्जिद सुलेमानला तेल लागलं. १९१४ मध्ये ब्रिटिश सरकारनं ते तेल काढणाऱ्या ब्रिटिश कंपनीत बहुसंख्य भाग घेतले. इथं थांबून विचार करा: यापुढं कंपनीशी भाव करणं म्हणजे थेट एका साम्राज्याशी भाव करणं झालं. ऑगस्ट १९४१ मध्ये ब्रिटिश आणि सोव्हिएत फौजा घुसल्या आणि रझा शाहला गादी सोडावी लागली. त्याचा मुलगा मोहम्मद रझा गादीवर आला. १९५० च्या अखेरीस शेजारच्या सौदी अरेबियाला अमेरिकी कंपन्यांनी नफ्यात निम्मा वाटा दिला. तेहरानमध्ये मार्च १९५१ ला तेलाच्या राष्ट्रीयीकरणाचा ठराव आला त्यामागं हा शेजारचा आकडाही होता. बहुतेक निबंधांत तो सुटतो.

मोहम्मद मोसद्देक पंतप्रधान झाले. ब्रिटननं इराणी तेलावर बहिष्कार घातला आणि अबादानचा अवाढव्य शुद्धीकरण कारखाना जवळपास बंद पडला. ऑक्टोबर १९५२ मध्ये मोसद्देक यांनी ब्रिटनशी राजनैतिक संबंध तोडले. वकिलात बंद झाल्यावर ब्रिटिश हेरखात्याला तिथं पाय ठेवायला जागा उरली नाही, म्हणून योजना अमेरिकेच्या हाती गेली. योजनेचे भाग साधेच होते: वर्तमानपत्रांना पैसे, संसद सदस्यांना पैसे, रस्त्यावर भाड्याचे जमाव (काही चक्क कम्युनिस्टांचं सोंग घेतलेले), आणि पंतप्रधानांना बडतर्फ करणारं शाहचं फर्मान. १५ ऑगस्ट १९५३ च्या रात्री फर्मान घेऊन गेलेला अधिकारीच पकडला गेला, डाव फसला, शाह बगदादमार्गे रोमला पळाला. चार दिवसांनी, १९ ऑगस्टला, जमाव आणि रणगाडे पुन्हा रस्त्यावर आले आणि मोसद्देक पडले. तीन वर्षं तुरुंग, पुढं १९६७ मध्ये मरेपर्यंत गावच्या घरात नजरकैद. १९५४ च्या नव्या तेल व्यवस्थेत ४० टक्के हिस्सा जुन्या ब्रिटिश कंपनीला आणि ४० टक्के अमेरिकी कंपन्यांना मिळाला.

आता उजवा रकाना. सर्वसाधारण अमेरिकी नागरिकाची गोष्ट सुरू होते ४ नोव्हेंबर १९७९ ला. तेहरानमधल्या वकिलातीत विद्यार्थी घुसले, ५२ माणसं ४४४ दिवस ओलीस. त्याआधीच्या २६ वर्षांत त्याच्या लेखी इराण हा मित्रदेश होता, मग अचानक डोकं फिरलं. आणि इराणी रकान्यात ही घटना बचाव म्हणून बसते, कारण १९५३ मध्ये शाह पळाला होता आणि त्याला परत आणून बसवलं गेलं, तेही वकिलातीच्या आसऱ्यानं. ऑक्टोबर १९७९ मध्ये शाहला उपचारासाठी न्यूयॉर्कला येऊ दिलं तेव्हा तेहरानमध्ये अर्थ एकच लावला गेला: तोच प्रयोग पुन्हा. आजारी माणसाला रुग्णालयात जागा देणं आणि कट शिजवणं यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. पण एकदा दुधानं तोंड पोळलं होतं. जुन्या हस्तक्षेपाचा सर्वांत मोठा परिणाम हाच, की समोरच्याच्या पुढच्या प्रत्येक साध्या कृतीचा अर्थ तो ठरवून टाकतो.

इथं दुसरी पायरी येते आणि बहुतेक जण इथंच घसरतात: आतून कुणी मदत केली? परका माणूस एकटा कधीच सरकार पाडत नाही. १९५३ मध्ये लष्करातले अधिकारी होते, दरबार होता, बाजारातले काही व्यापारी होते, आणि अयातुल्ला काशानी यांच्यासारखे धर्मगुरूही, आधी मोसद्देक यांच्या बाजूनं असून, तोवर त्यांच्यापासून फुटले होते. आजची इराणी राजवट धर्मगुरूंची आहे आणि १९५३ चा दाखला तीच देते. हे लिहिलं म्हणजे अमेरिकेची जबाबदारी कमी होते असं नाही. पण हे गाळलं तर तुमचं लिखाण एका बाजूचं पत्रक होतं.

तिसरी पायरी शांत काळाची. आठवण तीच, पण संबंध चांगले होते असा काळ सापडतो का ते पाहा. इराणच्या बाबतीत सापडतो: १९५३ ते १९७९, निदान सरकारांच्या पातळीवर. मग विचारा, त्या काळात राग कुठं साठत होता? उत्तर १९५७ मध्ये उभ्या राहिलेल्या सावाक या गुप्त पोलिसांत आहे, आणि १९६४ च्या त्या कायद्यात, ज्यानं अमेरिकी लष्करी माणसांना इराणी न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवलं. पुढं १९७९ च्या क्रांतीचे नेते झालेल्या धर्मगुरू खोमेनींचं देशाबाहेर जाणं त्याच कायद्यावरच्या भाषणानंतरचं. म्हणजे ओझं १९५३ च्या चार दिवसांचं नव्हतं, त्या दिवसांनी मागं ठेवलेल्या यंत्रणेचं होतं, आणि ती यंत्रणा २५ वर्षं रोज चालत होती.

चौथी पायरी: आज नेमकं काय शिल्लक आहे? इथं भावनेला रजा द्या आणि हिशोबाची वही काढा. शाहच्या काळात इराणनं अमेरिकी शस्त्रांसाठी आगाऊ पैसे भरले होते. क्रांती झाली, शस्त्रं आली नाहीत, पैसे अडकले. १९८१ पासून हेगमध्ये इराण-अमेरिका दाव्यांचं लवाद मंडळ याच प्रकारच्या भांडणांसाठी बसतंय. जानेवारी २०१६ मध्ये त्यातल्या एका दाव्यात अमेरिकेनं १७० कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं, ४० कोटी मुद्दल आणि १३० कोटी व्याज. व्याजाचा तो आकडा म्हणजे न मिटलेल्या वादाची शब्दशः किंमत.

सोलापूरकरांना असं खातं अनोळखी वाटायला नको. १३ सप्टेंबर १९४८ ला हैदराबादकडे निघालेली मुख्य फौज सोलापूरहून निघाली, पहिल्याच दिवशी नळदुर्ग हाती आलं आणि चारपाच दिवसांत निजामाची फौज शरण आली. भारताच्या दृष्टीनं हा परकीय हस्तक्षेप नव्हताच, आणि ते ठसवायलाच नाव पडलं ‘पोलीस अ‍ॅक्शन’. हैदराबादनं मात्र ऑगस्टमध्येच संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार नेली होती, जणू दोन राष्ट्रांचा मामला आहे. मराठवाड्यात त्याच घटनेला मुक्तिसंग्राम म्हणतात. एका घटनेचे असे तीन अर्थ दिसले की समजावं, रकाने वेगळे आहेत. त्याच आठवड्यात निजामाच्या अर्थमंत्र्यानं लंडनमधल्या एका खात्यातून दहा लाख पौंडांहून थोडी जास्त रक्कम पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या नावे वळती केली. ती पुढं ७१ वर्षं अडकून राहिली. निकाल लागला २ ऑक्टोबर २०१९ ला, भारत आणि निजामाच्या वारसांच्या बाजूनं, तोवर रक्कम साडेतीन कोटी पौंडांच्या घरात गेली होती. दोन देशांमधली आठवण एवढा काळ कोर्टात उभी होती ती या खात्याच्या जोरावर.

आता कोटणीसांकडे परत येऊ. चिनी माणसाच्या मनात कोटणीसांबद्दल आदर होता, पण त्या आदराला कुठलीही रेघ, कुठलंही ठाणं, कुठलाही हक्क जोडलेला नव्हता. ईशान्येकडे भारत आणि तिबेट यांच्यातली सीमा ठरवणाऱ्या मॅकमहोन रेषेला मात्र हक्क जोडलेला होता. मार्च १९१४ मध्ये दिल्लीत हेन्री मॅकमहोन आणि तिबेटचे प्रतिनिधी लोन्चेन शात्रा यांनी चिठ्ठ्यांची देवाणघेवाण करून ती ठरवली. नकाशाचं प्रमाण एका इंचाला आठ मैल. त्या प्रमाणावर जाड लेखणीची एक रेघ जमिनीवर काही फर्लांग रुंद होते, आणि डोंगराळ मुलखात काही फर्लांग म्हणजे एक खिंड इकडची की तिकडची. १९६२ ला ठिणगी पडली ती थगला कडा आणि नामका चू नदीच्या परिसरात, जिथं नकाशावरची रेघ आणि पाणलोटाची रेघ जुळत नाहीत.

त्याहून मोठी अडचण कागदाची. रेघ वैध मानायची तर १९१४ साली तिबेटला स्वतःहून करार करण्याचा अधिकार होता हे मानावं लागतं. चीन ते मानूच शकत नाही, कारण मग तिबेटवरच्या त्याच्या दाव्याचा पाया हलतो. भारत रेघ सोडू शकत नाही, कारण मग अरुणाचल उघडा पडतो. ब्रिटिशांनी स्वतःच हा करार अधिकृत संग्रहात १९३८ पर्यंत छापला नव्हता, आणि छापला तेव्हा जुन्या खंडाची प्रत बदलून छापला. चिनी वकिलाला एवढं पुरतं. इथं एक सदिच्छेची आठवण आणि एक वादग्रस्त रेघ समोरासमोर आली, आणि रेघ जिंकली.

अफगाणिस्तान आणि आजचं पाकिस्तान यांच्यामधली, ब्रिटिशांच्या काळात आखलेली ड्युरँड रेषा हाच प्रकार. १८९३ ची रेघ, आणि सप्टेंबर १९४७ मध्ये पाकिस्तानला संयुक्त राष्ट्रांत घेण्याच्या विरोधात मत देणारा एकमेव देश अफगाणिस्तान. दोन्ही मुस्लिमबहुल, दोन्ही शेजारी. फार काही लिहायची गरज नाही.

निबंधात भारताला केवळ बळी म्हणून उभं करू नका, परीक्षकाला ते लगेच दिसतं. श्रीलंका घ्या. ४ जून १९८७ ला भारतीय विमानांनी जाफन्यावर अन्नाची पाकिटं टाकली, २९ जुलैला राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांचा करार झाला, दुसऱ्याच दिवशी मानवंदनेच्या वेळी एका नौसैनिकानं राजीव गांधींवर बंदुकीच्या दस्त्यानं हल्ला केला. ऑक्टोबरपासून शांतिसेना ज्यांच्या रक्षणाला गेली होती त्यातल्याच तमिळ वाघांशी (एलटीटीई या सशस्त्र संघटनेशी) लढू लागली आणि मार्च १९९० मध्ये परतली, सुमारे १,२०० जवान गमावून. भारतीय रकान्यात हे बलिदान आहे. सिंहली रकान्यात मोठ्या शेजाऱ्याची दादागिरी. जाफन्याच्या तमिळ रकान्यात तिसरंच काही. मागे उरलेली वस्तू म्हणजे त्यांच्या घटनेतली तेरावी दुरुस्ती आणि प्रांतिक परिषदा, आणि आजही दोन देशांत बोलणी झाली की ती दुरुस्ती निघते. त्या कराराविरुद्ध तेव्हा हत्यार उचललेला पक्ष म्हणजे जनता विमुक्ती पेरामुना. त्याच पक्षाचे नेते अनुरा दिसानायके सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले आणि पहिल्या परदेश दौऱ्यासाठी डिसेंबरमध्ये दिल्लीला आले. मधल्या काळात देश दिवाळखोरीत गेला होता आणि भारतानं हात दिला होता. गरज बदलली की स्मृतीचा आवाज किती खाली येतो, त्याचं याहून ताजं उदाहरण मिळणार नाही.

उलट बाजूचंही एक. डिसेंबर १९७१ मध्ये अमेरिकेनं एंटरप्राइझ ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे धाडली. तिनं एक गोळीही झाडली नाही, तरी पुढची तीन दशकं भारतीय चर्चांत तिचा उल्लेख ठरलेला. २००७ मध्ये त्याच उपसागरात भारत आणि अमेरिकेच्या विमानवाहू नौका एकत्र सराव करत होत्या. या आठवणीमागं वादाची वस्तूच नव्हती, म्हणून ती हलकी निघाली.

माफीबद्दल विद्यार्थी हमखास विचारतात. मार्च २००० मध्ये परराष्ट्रमंत्री मॅडलिन ऑल्ब्राइट यांनी १९५३ मधला अमेरिकेचा हात जाहीरपणे मान्य केला. सोबत गालिचे, सुकामेवा आणि कॅव्हियार यांच्या आयातीवरची बंदी उठवली. तेलावरची बंदी जागच्या जागी. शिवाय त्याच भाषणात इराणची सत्ता न निवडलेल्या हातांत आहे असा टोलाही दिला. तेहरानमधून धुडकावणी आली. कबुली दिली, पण वस्तू हलली नाही, आणि वर चिमटा काढला. व्हिएतनामचा क्रम याच्या उलट चालला. तिथं आधी काम सुरू झालं: बेपत्ता अमेरिकी सैनिकांच्या अवशेषांचा संयुक्त शोध, १९९४ मध्ये व्यापारबंदी उठली, १९९५ मध्ये संबंध पूर्ववत, २०१२ ते २०१८ दा नांग विमानतळावरच्या विषारी मातीची अमेरिकी खर्चानं सफाई. माणसं इराणपेक्षा कितीतरी पटींनी जास्त मेली होती, तरी वैर लवकर निवळलं. त्यात चीनची भीती होती, हे उघड आहे. तेव्हा ‘जितके मृत्यू जास्त तितकं वैर जास्त’ हाही हिशोब चालत नाही.

एक नेहमीची चूक सांगून ठेवतो. पश्चिम आशियाचा प्रश्न आला की सगळं खापर १९१६ च्या साइक्स-पिको करारावर, म्हणजे ब्रिटन आणि फ्रान्सनं तो प्रदेश आपसात वाटून घेण्याच्या गुप्त करारावर, फोडायचं. त्या नकाशात मोसुल फ्रेंचांच्या बाजूला होतं, आज ते इराकमध्ये आहे. आजच्या सीमा नंतरच्या परिषदा, लढाया आणि वाटाघाटींतून आल्या, मोसुलचा तर निकालच १९२६ मध्ये लागला. प्रसिद्ध कागद आणि प्रत्यक्ष अंमलात आलेला कागद हे वेगळे असू शकतात. सातबाऱ्यावर कुणाचं नाव आहे आणि जमीन कसतो कोण, हे तलाठ्यालाही वेगवेगळं बघावं लागतं.

साधनांचं म्हणाल तर अमेरिकी परराष्ट्र खात्याचे जुने दस्तऐवज खंडांत छापले जातात आणि फुकट वाचता येतात. इराणचा १९५१ ते १९५४ चा खंड १९८९ मध्ये निघाला तेव्हा त्यात हेरखात्याचं नावनिशाण नव्हतं. अभ्यासकांनी आरडाओरडा केला, १९९१ मध्ये कायदा आला, आणि सुधारलेला खंड निघायला २०१७ उजाडलं. दोन्ही खंडांतली एकाच आठवड्याची, १५ ते १९ ऑगस्टची पानं शेजारी ठेवून वाचा. इंग्रजी जड जात असेल तरी तारखा आणि पाठवणाऱ्याचं नाव यांवरून बरंच कळतं. भारताच्या बाजूचे कागद राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर नाव नोंदवून बघता येतात. वाचताना तार कुणी, कुणाला, किती वाजता पाठवली हे आधी टिपा, मजकूर नंतर. फसलेल्या डावानंतरच्या तारांत माणसं स्वतःला वाचवायला लिहितात, आणि जिंकल्यानंतरच्या तारांत श्रेय घ्यायला.

दहा गुणांच्या उत्तरात हे सगळं बसणार नाही. दोन तारखा (कुणाची गोष्ट कुठून सुरू होते), आतल्या एका साथीदाराचं नाव, मागे उरलेली एक वस्तू आणि ती आज कुणाला काय देते, एवढं १५० शब्दांत बसतं. वेळ उरला तर उलट जाणारं एक उदाहरण घाला. सोलापूरच्या मुलांना त्यासाठी व्हिएतनामपर्यंत जायचीही गरज नाही.